सोयरीक, वंशावळ आणि मेंदूचे चित्र

मेंदूचा स्कॅन आणि जनुकांची तपासणी ही माणसाच्या मेंदूकडे पाहण्याची दोन स्वतंत्र साधने आहेत. स्कॅनमध्ये मेंदूचा आकार, त्याची सूज किंवा झीज, रक्ताचा ओघ दिसतो. हे असे का झाले, ते त्यात लिहिलेले नसते. जनुकातली चूक कारण सांगते, पण त्या एका चुकीमुळे मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या वयात, काय बिघडते हे तिच्यावरून कळत नाही. एकाच माणसाचा स्कॅन आणि एकाच माणसाचे जनुक शेजारी ठेवून वाचले, की कारण आणि परिणाम यांच्यामधली वाट उजेडात येऊ लागते. ही सांगड घालणारे शास्त्र जगभर गेल्या तीस वर्षांत वाढले. महाराष्ट्रात मात्र त्याचा इतिहास यंत्रे येण्याच्या बराच आधी सुरू होतो. इथे मेंदूपासून जनुकापर्यंतचा रस्ता घराण्यांच्या वंशावळींतून गेला, आणि त्या वंशावळींना आकार दिला तो लग्नव्यवहाराच्या जुन्या रीतीने.

ही रीत दोन नियमांची आहे. मुलगी द्यायची आणि करायची ती जातीत, बहुधा पोटजातीत. पण गोत्र, देवक किंवा कूळ एक असलेल्या घरात नाही. पहिला नियम वर्तुळ आखतो, दुसरा त्या वर्तुळाच्या आत एकाच कुळातले जवळचे नाते टाळतो. प्रांताप्रांतात आणि जातीजातीत तपशील बदलतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राचे वैशिष्ट्य नोंदवले आहे: मराठा-कुणबी समाजात मामाची मुलगी करता येते, आतेची मुलगी मात्र चालत नाही. पूर्व विदर्भातील गोंडांमध्ये सात देव, सहा देव, पाच देव, चार देव अशी कुळांची विभागणी असते आणि समान देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. त्याच वेळी आते-मामे भावंडांच्या लग्नाला ‘दूध लौटावा’ म्हणून मान असतो. याच पूर्व विदर्भात, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. कोसा विणणारी, भात पिकवणारी, तलावांवर जगणारी जी माणसे या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहिली, त्यांची वस्ती एका गावात असली तरी सोयरिकीची वर्तुळे वेगळी राहिली. रोटीव्यवहार सैल झाला, बेटीव्यवहार फारसा झाला नाही. आनुवंशिकीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की एका गावात अनेक वेगळे जनुकसमूह शेजारी शेजारी नांदत आले.

ही गोष्ट मोजून दाखवण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि आनुवंशिकीतज्ज्ञ एल. डी. संघवी यांनी १९४९ साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी प्रसिद्ध केली. रक्तगटांसारखी ही लक्षणे राहणीमानाने बदलत नाहीत. एका शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या समाजांत त्यांचे प्रमाण वेगळे निघाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना असे रक्त आढळले की जे कोणत्याच ज्ञात गटाशी जुळेना. ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ते जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले. आई आणि बाप दोघांकडूनही एकाच जनुकाची निकामी प्रत आली तरच हा गट दिसतो, म्हणजे तो अप्रभावी वारशाचा नमुना आहे. बंद वर्तुळात अशा दोन प्रती भेटण्याची शक्यता वाढते.

कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ साली आणखी बारीक प्रश्न विचारला. महाराष्ट्रातील एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची त्यांनी शारीरिक मोजमापे आणि रक्तलक्षणे तपासली. एका नावाखाली मोडणारे हे गट एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ठरले. एका मोठ्या जातीची शकले होऊन पोटजाती झाल्या, हा समज त्यामुळे डळमळला. मुळात वेगळे असलेले समूह एका नावाखाली एकत्र गणले गेले, असे कर्वे यांचे प्रतिपादन होते. समाजशास्त्रात या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. वैद्यकाच्या दृष्टीने तो अतिशय मोलाचा आहे, कारण रोगाचे जनुक कोणत्या वर्तुळात शोधायचे हे त्यावरून ठरते.

मेंदूच्या बाबतीत वंशावळींचा पहिला ठळक उपयोग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाला. नोशिर वाडिया यांनी इंग्लंडमधील प्रशिक्षणानंतर १९५७ साली तिथे मेंदूविकारांचा विभाग सुरू केला. त्या काळी जिवंत माणसाचा मेंदू पाहण्याची साधने तुटपुंजी आणि त्रासदायक होती. कण्यातून हवा सोडून मेंदूतल्या पोकळ्यांचे क्ष-किरण चित्र काढत, किंवा मानेतल्या धमनीत रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्या पाहत. मेंदूचा गर यांपैकी कशातच दिसत नसे. म्हणून तपासणीचे मुख्य साधन डॉक्टरांची नजर, रबरी हातोडी आणि रुग्णाशी बोलणे हेच होते. वाडिया यांच्या बाह्यरुग्ण विभागात काही रुग्ण असे येत की ज्यांचा तोल जाई, बोलणे अडखळे, हात नेम चुकवत. लहान मेंदूच्या आनुवंशिक झिजेची ही ओळखीची लक्षणे. पण या रुग्णांत आणखी एक गोष्ट होती. त्यांचे डोळे संथ फिरत.

निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर जाते ती झटक्याने. हा झटका सेकंदाच्या काही शतांशांत पुरा होतो. या रुग्णांचे डोळे त्या जागी सरपटत जात. नजर वळवायची तर आधी मान वळवावी लागे. डोळे हलवणाऱ्या स्नायूंना पक्षाघात झालेला नव्हता, कारण डोळा शेवटपर्यंत पोचत असे. बिघाड वेगाचा होता. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबे गोळा करून १९७१ साली ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात आनुवंशिक झिजेचा हा वेगळा प्रकार मांडला. वंशावळी स्पष्ट बोलत होत्या: बाधित आई किंवा बापाकडून मुलामुलींत, पिढी न चुकवता, साधारण निम्म्यांना. प्रभावी वारशाचा हा नमुना आहे. इथे आजाराला जातीच्या बंद वर्तुळाची गरज नव्हती, जनुकाची एकच सदोष प्रत पुरत होती. उपयोगी पडली ती दुसरी गोष्ट: एकत्र राहणारी, नाती तोंडपाठ असणारी मोठी घराणी. आजोबा कसे चालत होते, चुलत्याचे बोलणे कधी बिघडले, हे सांगणारे माणूस घरात असे. संथ नजर या एका खुणेवरून बिघाडाचे मेंदूतले ठिकाणही सुचत होते. आडव्या झटक्यांची आज्ञा मेंदूच्या देठातल्या, पोन्स या भागातल्या पेशींतून निघते. झीज लहान मेंदूपुरती नसून देठातही असली पाहिजे, एवढे अनुमान यंत्राशिवाय निघाले.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनजवळच्या विंबल्डनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा घेण्याची रीत दाखवली, आणि त्यातून एमआरआय आला. सीटीने कवटीच्या आतली पोकळी, रक्तस्राव, गाठ दिसू लागली. एमआरआयने त्यापुढे जाऊन मेंदूतले करडे द्रव्य आणि श्वेतद्रव्य वेगळे दाखवले. वाडिया यांनी नजरेवरून ओळखलेली झीज आता पडद्यावर मोजता येऊ लागली: बारीक झालेला पोन्स, आक्रसलेला लहान मेंदू, कधी पोन्सच्या आडव्या छेदात अधिक चिन्हासारखी पांढरी खूण.

जनुकाचा शोध मात्र क्युबाच्या वाटेने आला. ओल्गीन प्रांतात याच आजाराची असंख्य कुटुंबे आहेत. तिथल्या घराण्यांवरून १९९३ मध्ये जनुकाची जागा बाराव्या गुणसूत्रावर निश्चित झाली, आणि १९९६ मध्ये अमेरिका, जपान आणि फ्रान्समधील तीन गटांनी एकाच वेळी जनुक हाती आणले. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात बहुधा २२ वेळा, रुग्णात ३५ च्या आसपास किंवा जास्त. पुनरावृत्ती जितकी लांब, तितका आजार लवकर सुरू होतो, आणि पुढच्या पिढीत ती आणखी लांबू शकते. वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली, पुन्हा ‘ब्रेन’मध्येच, सहा भारतीय वंशावळींचा आढावा घेतला. जनुकतपासणीने आजाराचे नाव पक्के झाले: एससीए-२. संथ नजर ही या प्रकाराची महत्त्वाची खूण आहे, हे सत्तावीस वर्षांपूर्वीचे निदान रक्ताच्या नमुन्याने खरे ठरवले. नजर, वंशावळ, स्कॅन, जनुक असा हा क्रम आहे, आणि त्यातल्या पहिल्या दोन पायऱ्या मुंबईत चढल्या गेल्या. या कामाची ओळख महाराष्ट्रात आहे त्याहून कितीतरी अधिक असायला हवी.

पुढे युरोपात वाहक नातेवाइकांचे, म्हणजे सदोष जनुक असूनही अजून तोल न गेलेल्या माणसांचे, एमआरआय काढले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एससीए-२ आणि त्याच गटातला एससीए-१ यांच्या वाहकांमध्ये देठाची आणि लहान मेंदूची झीज लक्षणांच्या आधीच सुरू झालेली आढळली. आजार लक्षणांपासून मोजायचा की जनुकापासून, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. जनुक माहीत नसते तर निरोगी दिसणाऱ्या त्या माणसांचा स्कॅन कोणी काढलाच नसता. आणि स्कॅन नसता तर झीज कधी सुरू होते ते कळले नसते.

मुंबईतली दुसरी कथा उलट्या दिशेने गेली. तिथे आधी चित्र दिसले. मेंदूविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे काही मुले येत, ज्यांचे डोके पहिल्याच वर्षात वाजवीपेक्षा मोठे होई. पुढे चालणे हळूहळू बिघडे, काहींना झटके येत. स्कॅनमध्ये मेंदूचे श्वेतद्रव्य सर्वदूर सुजलेले दिसे, आणि कानशिलाच्या बाजूच्या भागात पाण्याने भरलेल्या पोकळ्या. चित्र इतके भयंकर, की मूल अंथरुणाला खिळलेले असेल असे वाटावे. प्रत्यक्षात ते शाळेत जात असे. चित्र आणि मूल यांच्यातली ही तफावतच आजाराची ओळख ठरली. दुसरी ओळख कुटुंबांच्या नावांतून आली. मुले अगरवाल समाजातली होती. सिंघल, गुरसहानी, उदाणी आणि बिनीवाले यांचा लेख १९९६ साली बालमेंदूविकारांच्या नियतकालिकात आला. त्याच्या एक वर्ष आधी नेदरलँड्समध्ये मार्यो व्हान डर क्नाप यांनी हाच आजार वेगळ्या समाजातील आठ मुलांवरून वर्णिला होता.

अगरवालांत सगोत्र विवाह होत नाही. परंपरेने अठरा गोत्रे, आणि लग्न वेगळ्या गोत्रात. मग दोन्ही बाजूंनी एकच दुर्मीळ जनुक कसे आले? उत्तर वर्तुळाच्या वयात आहे. गोत्राचा नियम जवळच्या पिढ्यांतले नाते टाळतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून आलेली प्रत वेगवेगळ्या गोत्रांतून फिरत फिरत पुन्हा भेटते, तेव्हा गोत्र काही करू शकत नाही. जनुक २००१ मध्ये बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी सापडले. त्याला एमएलसी-१ असे नाव आहे. २००४ साली गोरोस्पे, सिंघल आणि इतरांनी दाखवले की अगरवाल रुग्णांतला दोष एकच आहे: एका ठरावीक जागी घुसलेले एक जादा अक्षर. सगळ्यांमध्ये तीच चूक, त्याच जागी, म्हणजे ती एका मूळ पूर्वजाकडून आलेली. या जनुकाचे प्रथिन मेंदूतल्या तारापेशींत असते आणि पाणी व क्षार यांचा समतोल राखते. श्वेतद्रव्य का सुजते, पोकळ्या का होतात, याचे उत्तर त्या एका वाक्यात मिळाले. एकच चूक शोधायची असल्याने तपासणी सोपी झाली, आणि कुटुंबांना पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला देता येऊ लागला.

विदर्भातली कथा रक्तापासून सुरू होते आणि मेंदूपर्यंत पोचते. भारतात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी नोंदवला. नागपुरात आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ साली महार समाजात तो दाखवला आणि ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले. या नोंदींच्या आधी हा आजार आफ्रिकी वंशाचा मानला जाई. पुढच्या दशकांत गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांत तो आढळला. पुण्याचे एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांत भिल्ल, माडिया, पावरा, परधान आणि ओटकर या समाजांत सिकल जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के निघाले. अधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांच्या त्यांच्या यादीत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ आणि नंदुरबार यांच्याबरोबर भंडारा आहे. हे प्रमाण इतके का, याचे अर्धे उत्तर मलेरियात आहे: जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. जंगल आणि तलावांच्या मुलखात हे जनुक टिकले ते त्यामुळे. उरलेले अर्धे उत्तर सोयरिकीत आहे. टिकलेले जनुक त्या त्या वर्तुळात राहिले, आणि वाहकाचे लग्न वाहकाशी होण्याचे प्रसंग वाढले. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

चूक एका अक्षराची आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिजमध्ये शोधले. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून तंतू बनवते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सांधेदुखी, कावीळ, अशक्तपणा, वारंवार इस्पितळ हे सर्वांना माहीत असलेले परिणाम. मेंदूवरचा परिणाम लोकांच्या बोलण्यात क्वचितच येतो, आणि तोच सर्वांत क्रूर आहे. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांची आतली भिंत या आजारात जाड होत जाते आणि वाट अरुंद होते. परिणाम शाळकरी वयात लकवा.

अरुंद धमनी लकव्याच्या आधी ओळखता येते. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाण्याची धार जोरात जाते. अरुंद धमनीतले रक्तही तसेच वेगाने धावते. रूने आस्लिड यांनी १९८२ मध्ये कानशिलावरच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतील रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत आणली. तिला ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट ॲडम्स यांनी ती सिकलसेलच्या मुलांवर वापरली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असलेली १३० मुले होती. नियमित रक्त दिलेल्या गटात एकाला लकवा झाला, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ११ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. रक्ताच्या एका जनुकाचा मेंदूवरचा धोका ध्वनिलहरींनी वर्तवता येतो आणि टाळता येतो, हे त्या चाचणीने सिद्ध झाले. मुलांच्या आरोग्याच्या इतिहासात अशी निःसंदिग्ध उदाहरणे थोडी आहेत.

एमआरआयने आणखी एक गोष्ट बाहेर काढली. कधीही लकवा न झालेल्या, बाहेरून ठणठणीत मुलांच्या मेंदूतही रक्ताअभावी मेलेल्या ऊतींचे छोटे ठिपके दिसतात. अमेरिकेतील पाहण्यांत अशी मुले साधारण एक तृतीयांश निघाली. हात-पाय चालतात, पण लक्ष टिकत नाही, गणित मागे पडते, बुद्ध्यंक घसरतो. अशा मुलाला वर्गात ‘ढ’ म्हटले जाते, आणि कारण मेंदूच्या चित्रात असते.

विदर्भातील जनुकाचा एक वेगळेपणा इथे महत्त्वाचा ठरतो. कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की भारतातील सिकल जनुक आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळ्या पार्श्वभूमीवर, स्वतंत्रपणे उद्भवले. या प्रकाराला अरब-भारतीय म्हणतात. त्याच्या जोडीला गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात टिकते, आणि ते तंतू बनू देत नाही. आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमियाही पुष्कळ आढळतो; तो असलेल्या मुलांत मेंदूच्या धमन्यांचा धोका कमी असल्याचे अन्य देशांत दिसले आहे. यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो, असा समज रूढ झाला. नागपूरच्या अनुभवाने तो टिकू दिला नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ दीप्ती जैन यांच्या गटाने तीव्र वेदना आणि वारंवार रक्ताची गरज असलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी, ठरावीक मात्रेत दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढले आणि वेदनांचे झटके कमी झाले. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेच्या साहाय्याने नागपुरात जन्मलेल्या बाळांची तपासणी झाली, आणि २०१६ च्या अहवालात लहान वयातच तीव्र आजार असलेली मुले दिसली. अमेरिकी आकडा विदर्भातल्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि सौम्य म्हणून सोडूनही देता येत नाही. त्याचे जनुक आणि त्याच्या मेंदूतला रक्ताचा वेग दोन्ही तपासावेच लागतात.

गर्भीय हिमोग्लोबिन किती टिकते, हे ठरवणारे एक प्रमुख जनुक २००७-०८ मध्ये सापडले: बीसीएल-११-ए. रक्तपेशींत ते गर्भीय हिमोग्लोबिन बंद करते. तेच जनुक मेंदूच्या वाढीतही लागते. त्याची एक प्रत जन्मतः निकामी असलेल्या मुलांत बौद्धिक विकास मंदावतो. म्हणून २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेल्या जनुकसंपादन उपचारात हे जनुक सर्व शरीरात बंद करत नाहीत. शरीराबाहेर काढलेल्या रक्ताच्या मूळ पेशींतच, आणि तेही केवळ रक्तात काम करणारा त्याचा नियंत्रक तुकडा कापतात. मेंदूला हात लागत नाही.

महाराष्ट्रात राज्य शासनाचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे. गावपातळीवर रक्ताची विद्राव्यता चाचणी, संशयित नमुन्याची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री, मग वाहक आणि रुग्ण यांना ओळखपत्र, असा त्याचा क्रम. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. लग्नाआधी पत्रिकेबरोबर हे कार्ड पाहावे, असे समुपदेशक सांगतात. सोयरिकीच्या रीतीत जनुकाचा विचार त्यामुळे उघडपणे आला. मोहाडीसारख्या तालुक्यात रक्ताची तपासणी दारात पोचली आहे. डॉप्लरसाठी मात्र बहुधा मोठ्या शहरात जावे लागते. लकवा टाळण्याची खिडकी काही वर्षांचीच असते, दोन ते सोळा या वयात धोका सर्वाधिक असतो. म्हणून हे अंतर कमी होणे ही या भागाची सर्वांत निकडीची गरज आहे.

या तिन्ही कथांत एका जनुकाचा परिणाम मोठा आहे. सामान्य निरोगी मेंदूंतले फरक मात्र हजारो जनुकांच्या अतिसूक्ष्म परिणामांतून घडतात, आणि ते शोधायला प्रचंड नमुने लागतात. २००२ च्या सुमारास जेमतेम अठ्ठावीस माणसांच्या स्कॅनवरून भीती आणि सेरोटोनिनचे जनुक यांचा संबंध जाहीर झाला होता; मोठ्या नमुन्यांत अशा प्रकारचे अनेक दावे विरून गेले. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘एनिग्मा’ या जागतिक गटाने २०१५ साली ३०,७१७ माणसांचे स्कॅन आणि जनुके एकत्र वाचून मेंदूच्या खोल भागांचे आकारमान ठरवणारी मोजकी ठिकाणे शोधली. ब्रिटनच्या बायोबँकेने एक लाख लोकांच्या प्रतिमांचे लक्ष्य ठेवले. या साठ्यांत बहुतांश माणसे युरोपीय वंशाची आहेत. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सी-वेदा हा प्रकल्प ६ ते २३ वयाच्या मुला-तरुणांचे स्कॅन, जनुके आणि परिस्थिती एकत्र अभ्यासतो. म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इंफाळ अशी त्याची केंद्रे आहेत, त्यांत महाराष्ट्र नाही. जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० जणांचे जनुकसंच वाचले, आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. त्या प्रकल्पात मेंदूचे स्कॅन मात्र नाहीत.

२०१७ साली नाकात्सुका, थंगराज, राइख आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गटांत मूळ पूर्वजांची संख्या इतकी कमी निघाली, की आनुवंशिक आजारांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिनिश किंवा अश्कनाझी ज्यू समाजांपेक्षाही त्यांचे वर्तुळ अधिक बंद ठरले. यांतले चौदा गट दहा लाखांहून मोठे आहेत. खानोलकर-संघवी आणि कर्वे-मल्होत्रा यांनी रक्तलक्षणांवरून जे दाखवले, ते इथे संपूर्ण जनुकसंचावरून आले. अशा समाजांत एकेका आजाराचे जनुक आणि त्याचे मेंदूतले चित्र शोधणे तुलनेने सोपे असते. मात्र त्यासाठी नमुन्यावर ‘भारतीय’ किंवा ‘मराठी’ एवढीच नोंद चालत नाही. जात, पोटजात, आजोळ, गोत्र किंवा देव, आणि दोन्हीकडच्या निदान तीन पिढ्यांची वंशावळ लिहून घ्यावी लागते, संमतीने आणि गुप्तता पाळून. जे. जे. रुग्णालयातल्या नऊ कुटुंबांच्या अभ्यासाचा पायाही वंशावळच होती.